साफ करणे एका दिवसाचे, राखणे रोजचे

मंडळी, बाजाराच्या दिवशी तुम्ही तालुक्याच्या गावी जाता. एस.टी.तून उतरता. स्थानकाच्या भिंतीमागे एक कोपरा असतो. तो डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळतो. उसाची चिपाडे, केळीच्या साली, चहाचे कागदी पेले, फाटक्या पिशव्या, पानाच्या पिचकाऱ्या. त्यावर डुकरे आणि कुत्री. आपण नाकाला पदर किंवा रुमाल लावतो आणि झपझप पुढे जातो.

तो कोपरा कोणाचा? विचारा कोणालाही. दुकानदार म्हणेल, "माझा नव्हे." स्थानकातला माणूस म्हणेल, "भिंतीच्या आत आमचं. बाहेरचं नगरपालिकेचं." नगरपालिकेचा माणूस म्हणेल, "आम्ही रोज किती वेळा उचलायचं?" आणि आपण? आपण तर परगावचे! म्हणजे काय, तर जी जागा सगळ्यांची, ती कोणाचीच राहत नाही.

शहरांत अशा जागा फार. पुलाखालची जागा, नाल्याचा काठ, शाळेची मागची भिंत, समुद्राचा किनारा. अशा जागा काही लोकांनी आपण होऊन साफ केल्या. पगार नाही, हुकूम नाही. त्यांनी ते कसे केले, ते आज सांगायचे आहे. पण आधी माझी स्वतःची फजिती सांगतो.

माझी पंधरा वर्षे

मी तालुक्याच्या गावी शाळामास्तर होतो. पुढे हेडमास्तर झालो. दरवर्षी २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीला, मी मुले घेऊन त्या स्थानकामागच्या कोपऱ्यावर जात असे. शंभर मुले, वीस झाडू, दहा पाट्या. दोन तासांत जागा लख्ख! मग नारळ फुटे. फोटो निघे. मुलांना पेढा मिळे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी छापून येत.

आणि आठ दिवसांनी? आठ दिवसांनी कोपरा होता तसाच. दिवाळीपर्यंत तर ढीग पहिल्यापेक्षा मोठा.

असे पंधरा वर्षे चालले. मी चिडत असे. म्हणत असे, "लोकांना अक्कलच नाही. कितीही सांगा, घाण करणारच." लोक वाईट आणि मी चांगला, अशी माझी समजूत होती. २०१६ साली मी निवृत्त झालो, तेव्हा कोपरा घाणच होता.

माझे कुठे चुकत होते, ते मला पुढे मुंबईला गेल्यावर कळले.

वेसाव्याचा किनारा

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेला समुद्राकाठी वर्सोवा म्हणून भाग आहे. कोळी लोक त्याला वेसावे म्हणतात. जुना कोळीवाडा आहे. होड्या लागतात, मासळी वाळते. शेजारी आता उंच उंच इमारती झाल्या आहेत. किनारा सुमारे अडीच किलोमीटर लांब.

२०१५ साली या किनाऱ्यावर वाळू दिसत नव्हती. सगळा कचरा. बहुतेक प्लास्टिक. काही ठिकाणी ढीग कमरेच्याही वर गेला होता. त्याच साली अफरोज शाह नावाचे एक तरुण वकील तिथे राहायला आले. खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून घर घेतले, आणि खिडकीतून दिसला उकिरडा.

आता दुसरा कोणी काय करता? तक्रारीचा अर्ज लिहिता. वकीलच तो, कोर्टातही गेला असता. पण शाह यांनी हातमोजे घातले आणि किनाऱ्यावर उतरले. सोबत एकच माणूस होता. शेजारचे म्हातारे गृहस्थ, वय वर्षे ८४. ऑक्टोबर २०१५ चा तो महिना. एक वकील आणि एक आजोबा, दोघांनी कचरा उचलायला सुरुवात केली.

पहिले काही आठवडे फारसे कोणी आले नाही. लोक खिडकीतून बघत. मग एक दिवस दोघेजण आले आणि म्हणाले, आम्हालाही हातमोजे मिळतील का? तिथून माणसे वाढू लागली. शाह घरोघर जात, कोळीवाड्यात जात, झोपडपट्टीत जात. भाषण करायला नव्हे, बोलायला आणि ऐकायला. हळूहळू कोळी आले, शाळेची पोरे आली, बंगल्यांतली माणसे आली. सिनेमातले नटही येऊन गेले. महानगरपालिकेने ट्रॅक्टर आणि माती उचलण्याची यंत्रे दिली.

काम दर शनिवारी आणि रविवारी चाले. सुमारे ८५ आठवड्यांत, म्हणजे २०१७ च्या मध्यापर्यंत, पन्नास लाख किलोंहून अधिक कचरा निघाला. पन्नास लाख किलो म्हणजे किती? आपल्या हिशोबाने पन्नास हजार क्विंटल. एका मालट्रकात शंभर क्विंटल धरले, तर पाचशे ट्रक झाले. आणि हा कचरा माणसांनी वाकून वाकून गोळा केलेला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ साली शाह यांना पृथ्वीचे रक्षण करणाऱ्यांना दिला जाणारा मोठा सन्मान दिला.

माझा भाचा अंधेरीला असतो. २०१८ च्या जानेवारीत त्याने मला एका रविवारी तिथे नेले. मला वाटले होते, झाडू मारायचा असेल. छे! कचरा वरवरचा नव्हताच. वाळूत पुरलेला. चिंधीचे एक टोक दिसे. ओढावे तर अख्खे लुगडे बाहेर येई, आणि त्यात गुंडाळलेल्या वीस पिशव्या. एक गोणपाट काढायला आम्ही चौघे लागलो. दोन तासांत माझी कंबर धरली. भाचा हसून म्हणाला, "मामा, पुढच्या रविवारी येणार ना?" मी म्हटले, "अरे, मी परवा गावी जाणार." तो म्हणाला, "बघा, हेच तर कठीण आहे. पहिल्या रविवारी सगळेच येतात."

त्याचे ते बोलणे मनात रुतून बसले. आम्ही वर्षातून एकच दिवस जात होतो. ही माणसे दर रविवारी येत होती.

हा कचरा आला कुठून?

तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर एवढा कचरा टाकला कोणी? फिरायला येणाऱ्यांनी? थोडा त्यांनी. पण बहुतेक कचरा दुरून आलेला.

पाहा, गोष्ट अशी. दूर कुठेतरी वस्तीत बाई घर झाडते. कचऱ्याची गाडी त्या गल्लीत येत नाही. गल्ली अरुंद. कचराकुंडी लांब. मग पिशवी जाते नाल्यात. पाऊस येतो, नाला भरतो, पिशवी वाहत खाडीत जाते. खाडीतून समुद्रात. समुद्राला भरती येते. भरतीच्या लाटा ती पिशवी उचलतात आणि किनाऱ्यावर आणून टाकतात. पावसाळ्यात मोठ्या उधाणाच्या दिवशी तर मुंबईच्या रस्त्यांवरही समुद्र कचरा परत फेकतो. जणू म्हणतो, घ्या, तुमचे तुम्हाला!

कागद, पाने, भाजीचा पाला हे कुजते. त्याचे खत होते. प्लास्टिक तसे कुजत नाही. उन्हाने त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, पण ते नाहीसे होत नाही. मासे ते अन्न समजून खातात. आपली गाय पिशवी खाते आणि पोट फुगून मरते, तसेच समुद्रात होते.

म्हणून किनारा एकदा साफ करून भागत नाही. दर भरतीला नवा कचरा येतो. वेसाव्याच्या लोकांना हे लवकर कळले. मग ते किनारा झाडून थांबले नाहीत. खाडीकडे वळले, वस्तीत गेले. कचरा मुळातच वेगळा कसा करावा, ते लोकांशी बोलून ठरवू लागले. पन्नासहून अधिक सार्वजनिक शौचालये त्यांनी स्वतः घासली. कारण शौचालय घाण असले, तर माणूस किनाऱ्यावरच जाऊन बसणार. त्याला दोष देऊन काय होणार?

महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. कायदा चांगला आहे. पण बाजाराला जाताना कापडी पिशवी घरून नेली पाहिजे. ते काम कायदा करीत नाही, आपण करायचे.

मध्येच काम थांबले

आता कोणी म्हणेल, सगळे छान छान झाले. तसे नाही, बरं का. नोव्हेंबर २०१७ मध्ये वेसाव्याचे काम थांबवावे लागले. गोळा केलेला कचरा उचललाच जात नव्हता. किनाऱ्यावर पिशव्यांचे ढीग पडून राहिले. काम करणाऱ्यांना काही गुंडांनी शिवीगाळ केली. शाह यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले. मुंबईत बोलबाला झाला. मुख्यमंत्र्यांनी मदतीचे आश्वासन दिले. मग काम पुन्हा सुरू झाले.

यातून एक धडा घ्यायचा. लोकांनी कितीही कष्ट केले, तरी गोळा झालेला कचरा न्यायला गाडी लागते. तो टाकायला जागा लागते. हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. त्यासाठीच आपण कर भरतो. लोकांनी झाडू घेतला म्हणून नगरपालिकेने हात झटकायचे नाहीत. आणि नगरपालिका आहे म्हणून लोकांनीही हात झटकायचे नाहीत. बैलगाडीला दोन चाके. एक निखळले, तर गाडी बसते.

कासवे आली

मार्च २०१८ ची गोष्ट. वेसाव्याच्या वाळूतून चिमुकली कासवे बाहेर पडली. निदान ऐंशी तरी होती. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे. त्या किनाऱ्यावर अशी पिल्ले सुमारे वीस वर्षांत कोणी पाहिली नव्हती.

या कासवांची रीत ऐका. मादी रात्री समुद्रातून वर येते. वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते. शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले फुटतात आणि आपोआप समुद्राकडे धावतात. आपल्या कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावचे लोक २००२ पासून अशी अंडी जपत आले आहेत.

पण मादीला खड्डा करायला वाळू हवी. कचऱ्याच्या थरात ती खड्डा कसा करणार? वाळू उघडी झाली, तेव्हाच ती आली. वेसाव्याच्या लोकांनी तिला बोलावले नव्हते. तिची फक्त वाट मोकळी केली होती. पिल्लांना कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून त्या दिवसांत लोकांनी किनाऱ्यावर पहारा दिला.

बंगळूरचा एक कोपरा

समुद्र मोठा. आपला कोपरा लहान. लहान जागेचे काय करायचे, हे बंगळूर शहरातल्या काही लोकांनी दाखवले. २०१० च्या सुमारास त्यांनी काम सुरू केले. आपल्या मंडळाला त्यांनी नाव दिले 'द अग्ली इंडियन', म्हणजे कुरूप भारतीय. दुसऱ्याला कुरूप म्हटले नाही, स्वतःलाच म्हटले. ते आपली नावे सांगत नाहीत. फोटोत तोंड दाखवत नाहीत. त्यांचे ब्रीद एकच: काम चालू, तोंड बंद.

त्यांची रीत अशी. शहर सुधारायला निघायचे नाही. एक कोपरा घ्यायचा. फक्त एक. आधी तो निरखायचा. इथे कचरा कोण टाकतो? कधी टाकतो? का टाकतो? आसपासचे दुकानदार, पहारेकरी आणि रोज झाडणारे सफाई कामगार यांच्याशी बोलायचे. त्यांनाच सगळे ठाऊक असते. मग एका सकाळी जमायचे. ढीग उचलायचा. जागा धुवायची. फुटलेली फरशी बसवायची. भिंत रंगवायची. झाडाच्या कुंड्या ठेवायच्या. जिथे ढीग होता, तिथे लोकांना बसायला जागा करायची.

भिंतीला खाली गडद तांबडा रंग देतात. असे का? पांढऱ्या भिंतीवर पानाची एक पिचकारी पडली, की दुसऱ्याला वाटते, चला, इथे थुंकायचेच असते. तांबड्या भिंतीवर पहिली पिचकारी दिसत नाही, म्हणून दुसरी पडत नाही. पाहा, आपल्या आयाबाया घराला खालून गेरूचा पट्टा देत, त्यातही असेच शहाणपण होते.

हे मी वाचले आणि कपाळाला हात लावला. पंधरा वर्षांत मी त्या कोपऱ्याला एकदाही "का?" विचारले नव्हते.

खराटा कोणाच्या हाती?

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. सांगायला जड जाते, पण सांगतो.

आपल्या देशात झाडणे, उचलणे, मैला काढणे ही कामे जातीने वाटून दिली गेली. घाण करणारे सगळे, आणि काढणारे ठरावीक. म्हणून घाण करायला आपल्याला लाज वाटत नाही, आणि काढायला वाटते. कोपरे घाण राहण्याचे हे सर्वांत जुने कारण.

हे मोडायला मोठी माणसे झटली. संत गाडगेबाबा (जन्म १८७६) गावात शिरत, ते हातात खराटा घेऊनच. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचे खापर. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडीत. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, तोवर खराटा सुटला नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होते. जातीने ब्राह्मण. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागणी केली, मला संडास साफ करण्याचे काम द्या. तुरुंगाचे अधिकारी म्हणाले, तुमच्या जातीला ते काम देता येत नाही. त्या हक्कासाठी पटवर्धनांनी अन्न सोडले. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. पाहा तर! लोक काम टाळण्यासाठी भांडतात. हा माणूस काम मिळावे म्हणून भांडला.

आणि मी? मी हे धडे मुलांना शिकवत होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, १९८० च्या सुमारास, माझ्या वर्गात गावाबाहेरच्या वस्तीतली दोन मुले होती. शाळेच्या सफाईत झाडू सगळ्यांच्या हाती असे. पण कचऱ्याची पाटी उकिरड्यापर्यंत नेण्याचे काम त्या दोघांकडेच असे. मी तसा हुकूम दिला नव्हता. पण ते तसे होत होते, आणि मी पाहूनही बोलत नव्हतो. न बोलणे हाही हुकूमच असतो, हे मला तेव्हा कळले नाही.

आमचा कोपरा

मुंबईहून परत आलो आणि त्या स्थानकामागच्या कोपऱ्यावर गेलो. या वेळी झाडू नेला नाही. एक वही नेली. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चहाच्या टपरीवर बसलो. पाहिले, विचारले, लिहून काढले.

काय दिसले? कचऱ्याची घंटागाडी सकाळी सातला येते. फळवाल्या आणि उसाचा रसवाला नऊला येतात. रात्री नऊला गाड्या बंद होतात. तेव्हा साली नि चिपाडे टाकायची कुठे? दिवसभर उन्हात राबलेली बाई घाण घरी नेणार? ती भिंतीमागे टाकणार. शिवाय खांबावरचा दिवा वर्षभर बंद. अंधार, म्हणून लोक तिथेच लघवीला जात. आणि जागा घाण, म्हणून आणखी घाण. मी ज्यांना अक्कल नाही म्हणत होतो, त्यांच्याकडे अक्कल होती. कुंडी नव्हती.

आम्ही सात-आठजण जमलो. दोन निवृत्त मास्तर, टपरीवाला, रसवाला, तीन फळवाल्या, एक रिक्षावाला. वर्गणी काढून झाकणाचे दोन पिंप घेतले. एक ओल्या कचऱ्याला, एक सुक्याला. नगरपालिकेला अर्ज लिहिला: दिवा लावा आणि रात्री साडेनऊला गाडी पाठवा. अर्जावर चाळीस सह्या झाल्या. तीन फळवाल्यांपैकी दोघी प्रौढ वर्गात शिकलेल्या. त्यांनी अंगठा लावला नाही. सही केली. एक तर कारकुनाला म्हणाली, "वाचून दाखवू का अर्ज? मला येतंय."

गाडी यायला चार महिने लागले. पाच वेळा खेटे घातले. दिवा त्याआधी लागला. मग आम्ही ढीग काढला. सफाई कामगारांचा मुकादम आपण होऊन आला. त्याने एक अक्कल दिली: भिंतीशी उतार नाही, पाणी तुंबते, आधी मुरूम टाका. आम्ही टाकला. मग भिंतीला तांबडा रंग दिला. वर फळवालीच्या मुलीने ऊस, केळी आणि एस.टी. काढली. खाली एक लांब बाक केला.

त्या दिवशी मी डोक्यावर कचऱ्याची पाटी घेऊन ट्रॉलीकडे चाललो होतो. समोरून एक कंडक्टर आला. पन्नाशीचा. थांबला. माझ्याकडे बघत राहिला. त्या दोन मुलांपैकी एक. मी म्हटले, "ओळखलंस का रे?" तो म्हणाला, "ओळखलं, गुरुजी. पण तुमच्या डोक्यावर पाटी पहिल्यांदाच पाहिली."

मला काही बोलता येईना. त्याने खांद्यावरची पिशवी बाकावर ठेवली आणि पाटीला हात लावला. मी म्हटले, "नको, आज मलाच नेऊ दे." तो म्हणाला, "बरं, मग निम्मी मी, निम्मी तुम्ही." आम्ही दोघांनी ती ट्रॉलीत ओतली.

तो कोपरा आज कसा आहे? लख्ख नाही. पावसाळ्यात रंग उडतो. एकदा एक पिंप चोरीला गेला. लग्नसराईत कोणीतरी पत्रावळी आणून टाकतात. पण ढीग पुन्हा झाला नाही. कारण रोज कोणीतरी तिथे बसलेले असते. ज्या जागेवर माणूस बसतो, तिथे कचरा टाकायला हात धजत नाही.

तुम्हाला करायचे असेल तर

तुम्ही म्हणाल, हे शहरातले. आमचे काय? मंडळी, पाणवठा, देवळामागची जागा, आठवडी बाजार, एस.टी.चा थांबा. जागा बदलते, रीत तीच. थोडक्यात सांगतो.

एकच जागा घ्या. लहान घ्या. सगळे गाव घेतले, तर काहीच होणार नाही.

आधी आठ दिवस पाहा आणि विचारा. कोण टाकतो, कधी टाकतो, का टाकतो. रागावून विचारू नका.

ज्यांचा त्या जागेशी रोजचा संबंध आहे, त्यांना आधी सोबत घ्या. बाहेरच्यांनी साफ केलेली जागा टिकत नाही.

कचरा कुठे जाणार, ते आधी ठरवा. ओला कचरा खताच्या खड्ड्यात. प्लास्टिक, काच, पत्रा वेगळा. प्लास्टिक जाळू नका. त्याचा धूर विषारी असतो. तो लेकरांच्या छातीत जातो.

हात सांभाळा. हातमोजे घाला, पायात जाड चप्पल किंवा बूट घाला. काच, खिळे, दवाखान्याच्या सुया यांना लहान मुलांना हात लावू देऊ नका. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

गटाराच्या खोल टाकीत कोणी उतरू नका, कोणाला उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात मरतो. हाताने मैला काढायला माणूस लावणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते यंत्राचे काम.

सफाई कामगाराचे काम हिसकावू नका. त्याचा पगार, त्याचे मोजे, त्याची रजा त्याला मिळालीच पाहिजे. आपण हात लावायचा तो त्याचे ओझे हलके व्हावे म्हणून.

जागा साफ झाली, की ती कशाला तरी वापरा. बाक ठेवा, झाड लावा, पोरांना खेळू द्या. रिकामी जागा उकिरड्याला बोलावते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या आठवड्यात परत जा. त्याच्या पुढच्याही. फोटो पहिल्या दिवशी निघतो, काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. घर आपण वर्षातून एकदाच झाडतो का? मग गाव का?

पुढच्या बाजाराला त्या स्थानकामागे जाल, तर बाकावर जरा टेका. केळे खाल्लेत, तर साल पिंपात टाका. डाव्या हाताचा पिंप ओल्या कचऱ्याचा. त्यावर तसे लिहिले आहे, आणि तुम्हाला आता वाचता येते.

वर्गात बोलण्यासाठी

१. हेडमास्तरांची पंधरा वर्षांची सफाई का टिकली नाही?
२. वेसाव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा कुठून येत होता?
३. तुमच्या गावात सर्वांची पण कोणाचीच नसलेली जागा कोणती? तिथे कचरा का पडतो?
४. त्या जागेसाठी ग्रामपंचायतीला पाच ओळींचा अर्ज लिहा. खाली आपली सही करा.